पहिला नग भट्टीचा: दाजींसोबत रोमन काच बघताना

दाजींनी आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. थोरल्या बहिणीचे यजमान, मानपानाचा हक्क त्यांचा. पण लग्नात मेहुण्याकडून घ्यायचं उपरणंसुद्धा त्यांनी "ठेव तुझ्या झेंड्याला" म्हणून परत केलं होतं. असा माणूस २००७च्या सप्टेंबरात एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक पिवळा कागद काढला आणि म्हणाला, "पुढारी, हे मला खरं बघायचंय. डोळे जायच्या आत."

कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरचं एक पान. आमच्या गावच्या काचकारखान्यात बाटल्यांचं एक यंत्र जर्मनीहून आलं होतं, त्या कंपनीनं धाडलेलं कॅलेंडर. पानावर रोमन काळातल्या एका सुरईचं चित्र. बिनरंगी काच, लांब मान, आणि पोटावर निळ्या-पांढऱ्या काचेच्या दोऱ्यांची वेटोळी, ओल्या मातीवरून साप गेल्यासारखी. खाली गावाचं नाव, कोलोन. दाजी त्या कारखान्यात फुंकनळीवर होते, कंदिलाच्या काचा फुंकायचे. महिना उलटल्यावर ते पान त्यांनी मागून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत तशी वेटोळी उठवायचा खटाटोप वर्षभर केला. प्रत्येक नग थंड होताना तडकायचा. का तडकतो ते त्यांना कळलं नाही. मग कारखानाच बंद पडला.

तो बंद पाडणाऱ्यांत मी होतो. हे इथंच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या ध्यानात राहील.

काचेची भट्टी विझवत नाहीत. दिवाळी असो, दंगल असो, संप असो. आत वितळलेली काच असते. आग गेली की ती मुशीतच थिजते, मुशी फुटतात, भट्टी मरते. म्हणून आमच्याकडे रिवाज होता: संपातसुद्धा दोन माणसं आगीपाशी बसायची आणि त्यांना कोणी फितूर म्हणायचं नाही. मी तेव्हा तिशीतला, पुस्तकं वाचून पेटलेला, कामगारांचा वक्ता. संप लांबला होता, घराघरांत उपास सुरू झाले होते. गेटवर मी गरजलो, "मालक शांत झोपतो, कारण त्याची आग आपणच राखतो! त्या दोघांना बाहेर बोलवा!" टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अजून कानात आहेत. आतल्या दोघांतले एक दाजी होते. दुसरा लगेच आला. दाजी तासाभरानं आले आणि कोणाकडे न बघता घरी गेले. तिसऱ्या दिवशी आग गेली. मालकाला निमित्तच हवं होतं. टाळं लागलं ते लागलंच.

आमची मागणी बरोबर होती. आजही छातीवर हात ठेवून सांगतो. धगधगत्या तोंडापुढे माणसं उभी करायची आणि डोळ्यांवर साधा चष्मा द्यायचा नाही, हा गुन्हाच होता. पण मागणी बरोबर असणं आणि आग विझवणं बरोबर असणं, या दोन गोष्टी आहेत की एक, हे मला पंचवीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. ताईनं नंतर शिवणकामावर घर चालवलं. मला राखी बांधत राहिली, पण हातावर गाठ मारताना माझ्या तोंडाकडे बघेना. दोन वर्षांपूर्वी ती गेली. दाजी मात्र या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत, चांगलं नाही, वाईट नाही. मला ते अक्षर हवं होतं. शिवी असली तरी चालली असती. त्या सकाळी कागदाकडे बघताना मी ठरवलं, कोलोनची सुरई दाजींना दाखवायची, आणि तिच्यासमोर उभं राहून विचारायचं.

जायला दार होतं. दाजींची मुलगी मृणाल एर्लांगेनला वैद्यकीय यंत्रांवर संशोधन करते. "बाबा, इथल्या डॉक्टरांना डोळे दाखवू" म्हणून वर्षभर मागे लागली होती. दाजींचा मोतीबिंदू काढून झालेला, पण काचबिंदूनं नजर कडेकडेनं खात आणली होती. तुमचं कोणी तिकडे असेल तर एक लक्षात ठेवा. त्यांनी त्यांच्या गावच्या कचेरीतून 'फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' नावाचा कागद आणावा लागतो. पाहुण्याचा सगळा भार माझ्यावर, असं लिहून द्यायचं. शब्द पाठ होईपर्यंत व्हिसा हातात आला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात फ्रँकफर्टला उतरलो. या महिन्यात जाऊ नका, असं मी इतरांना सांगेन. आभाळ म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. झाडांवर पान नाही, रस्त्यावर माणूस नाही, साडेचारला दिवे लागतात. एर्लांगेनला सगळे सायकलवर, मान खाली घालून, कोणी कोणाशी बोलत नाही. मृणालचं घर तिसऱ्या मजल्यावर. आत शिरताच तिनं आवाज खाली केला. "मामा, दुपारी एक ते तीन इथं 'रुहेत्साइट' असते. शांततेची वेळ. खालच्या आजीबाई तक्रार करतात."

दाजी म्हणाले, "मग याला दुपारी बाहेर फिरवून आणत जा."

डॉक्टर तिसऱ्या दिवशी भेटले. सभ्य माणूस. अर्धा तास यंत्रात डोकं घालून दाजींना बसवलं, मग मृणालशी हळू आवाजात बोलले. ती मान हलवत जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत राहिली आणि नंतर मराठीत काही बोलेचना. दाजीच म्हणाले, "सांग गं. मी काय लहान आहे?"

"गेलेलं परत येणार नाही, बाबा. थेंब घालत राहायचे. जे आहे ते टिकवायचं."

"किती दिवस?"

"ते सांगता येत नाही म्हणाले."

"आता मला नळीतून बघावं तसं दिसतं," दाजी डॉक्टरांना मराठीतच म्हणाले, एका हाताची मूठ पोकळ करून डोळ्याला लावत. "फुंकनळीतून. समोरचं दिसतं, आजूबाजूला भिंत." डॉक्टरांनी भाषांतराची वाट न बघता मान हलवली.

दुसऱ्याच सकाळी कोलोन. न्युरेम्बर्गहून वेगवान गाडी, साडेतीन तास. तिकिटं मृणालनं महिनाभर आधी काढली होती. आयत्या वेळी काढलीत तर जवळजवळ दुप्पट पडतात. बसायची जागा वेगळे पैसे देऊन राखून घ्या, नाहीतर म्हातारं माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभं राहतं. डब्यात खायला धपाटे होते. शेजारच्या बाईंनी वासानं नाक मुरडलं की कौतुकानं, कळलं नाही. खिडकीबाहेर नदी, धुकं, गोदामं, पुन्हा धुकं.

कोलोनला स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की काळंठिक्कर कॅथेड्रल अंगावर येतं. त्याच्या पायाशीच रोमन संग्रहालय आहे. सोमवारी बंद. आत शिरलात की काचेच्या दालनाला निदान दोन तास द्या. इतकी रोमन काच एका जागी मी कल्पनेतही पाहिली नव्हती: ताटल्या, वाडगे, चौकोनी बाटल्या, स्नानगृहात तेल न्यायच्या, हाताला अडकवायच्या गोल कुप्या, प्याले. बहुतेक थडग्यांतून निघालेली. मेलेल्या माणसाबरोबर काच पुरायची पद्धत होती, म्हणून ती न फुटता आपल्यापर्यंत आली. जिवंतांच्या घरातली सगळी फुटली.

मी दोन महिने वाचून गेलो होतो, त्यामुळे गप्प बसणं मला शक्य नव्हतं. मी सुरू झालो. काच मुळात इथं बनतच नव्हती. सीरिया-इजिप्तच्या किनाऱ्यावरची वाळू, इजिप्तच्या खारट तळ्यांतला सोडा. तिकडच्या मोठ्या भट्ट्यांत दोन्ही एकत्र वितळवायचे, थिजलेल्या काचेची ढेकळं फोडायची आणि जहाजानं पाठवायची. ऱ्हाईनकाठचे कारागीर ती ढेकळं पुन्हा वितळवून भांडी करत. फुटकी काचही गोळा करून मुशीत टाकत. फुंकनळी सापडायच्या आधी मातीच्या गाभ्याभोवती काचेचा दोरा गुंडाळून एकेक कुपी करावी लागे, ती राजेरजवाड्यांच्याच घरी जाई. मग दोन हजार वर्षांपूर्वी, त्याच सीरियाच्या बाजूला, कोणीतरी पोकळ नळीच्या टोकाला काचेचा गोळा लावला आणि फुंकर मारली. "एका फुंकरीसरशी काच राजाच्या हातातून गवंड्याच्या हातात आली!" मी म्हणालो. "क्रांती म्हणतात ती हीच! आणि त्या माणसाचं नाव? कोणालाही ठाऊक नाही!"

"मामा, हळू," मृणाल कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू दे," दाजी म्हणाले. "समोर माईक नसला की तो असाच ओरडतो."

एका कपाटात बोटभर लांबीच्या बारीक कुप्या होत्या. मी लहानपणापासून वाचलं होतं की यांत शोक करणाऱ्यांचे अश्रू साठवत. तसं म्हणालोही, जरा गहिवरून. दाजींनी वाकून, मान इकडेतिकडे हलवून, आपल्या नळीएवढ्या नजरेत ती कुपी धरली. "अश्रू कशाला? हे तेल नाहीतर अत्तर असणार. एवढ्या बारीक तोंडात रडून दाखव." नंतर मृणालनं शेजारची पाटी वाचली. तेलाची कुपीच होती.

पुढे तो प्याला होता ज्यासाठी लोक मुद्दाम येतात. आतला प्याला वेगळा, आणि त्याच्याभोवती काचेचीच जाळी, जेमतेम काही दांड्यांनी अडकलेली. फुंकून जाळी लावत नाहीत, बरं का. जाड काचेचा प्याला करतात आणि बाहेरून घासत, कोरत मधली काच काढत जातात. महिनेच्या महिने. शेवटच्या दिवशी हात चुकला की सगळं गेलं. वर काचेची ग्रीक अक्षरं: पी, आणि सदैव सुखानं जग. मला राग आला. पिणाऱ्याला आशीर्वाद! आणि घासणाऱ्याला काय? गुलाम असेल, नाहीतर पोटासाठी राबणारा. पाटीवर थडगं कुठं सापडलं ते आहे, शतक आहे, हात कोणाचा ते नाही. दोन हजार वर्षांत काहीच बदललं नाही, असं मी मोठ्यानं म्हणालो.

"नाव कशाला पाहिजे?" दाजी म्हणाले. "हात दिसतोय की."

आणि मग सुरई. कॅलेंडरवरची तीच की तिची बहीण, सांगता येणार नाही. मृणाल म्हणाली, "बाबा, ही बघा." ते कपाटापुढे उभे राहिले आणि कितीतरी वेळ हललेच नाहीत. दिव्याचं प्रतिबिंब काचेवर पडायचं, म्हणून मी माझा कोट पसरून आडोसा धरला. त्यांना एका वेळी वेटोळ्याचा बोटभर तुकडाच दिसत होता. मग ते मानेनंच दोऱ्याच्या मागे जाऊ लागले, खाली, वळून वर, पुन्हा खाली.

"सुरुवात कुठंय? मला सापडेना."

मी शोधलं. "डावीकडे, तळाशी. जाड टिंब आहे तिथं."

"तिथंच टेकवला त्यानं. मग ओढत नेला. आणि इथं बघ, चिमट्यानं चापलाय." ते पुढे वाकले, कपाळ कपाटाला लागलं. पहारेकरी बाई "बिटे निष्ट!", टेकू नका, म्हणत धावत आल्या. मृणालनं माफी मागितली. दाजींना पत्ता नव्हता. "पुढारी," ते म्हणाले, "निळा आणि पांढरा आणि पोट, सगळी एकाच जातीची काच असणार याची. एका चालीनं थंड होणारी. मी हिरव्या दोऱ्यासाठी सोडावॉटरची बाटली फोडून घालायचो. आमच्या मुशीतली काच निराळी, बाटलीची निराळी. एक आधी आकसायची, एक नंतर. तडकणारच की." ते हसले. पंचवीस वर्षांचं कोडं सुटल्याचं हसू होतं, पण त्यात आनंद फार नव्हता. "साधी गोष्ट. एकदा कळली असती तर केली असती."

मी विचारायचं ठरवलं होतं ते इथंच. ओठांवर आलं होतं. पण 'एकदा कळली असती तर' यातल्या उरलेल्या अर्ध्या वाक्यात मी उभा होतो, आणि माझा आवाज फुटला नाही. हजारोंच्या सभेपुढे न अडखळणारा मी.

बाहेर पडता पडता कोपऱ्यातल्या कपाटात एक ओबडधोबड हिरवट ढेकूळ होतं. कच्ची काच, भांडं न झालेली. बाकी कोणी तिथं थांबत नव्हतं. दाजी थांबले. "अशी आपल्याकडे पडलीय," एवढंच बोलले. मला कळलं. आमच्या भट्टीत थिजलेली काच मुशीसकट उपटून नंतर कुंपणाच्या कडेला टाकली होती. विकत घ्यायलाही कोणी आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत ते झोपले. मृणाल मला म्हणाली, "मामा, मी बाबांना फुंकताना कधी पाहिलंच नाही. कारखाना बंद झाला त्या वर्षी माझा जन्म. आमच्या घरात त्यांनी केलेली एकही वस्तू नाही, कंदिलाची काचसुद्धा नाही. सगळं विकायला जायचं ना." मग म्हणाली, "आल्झो... म्हणजे असं, मी एक गोष्ट ठरवलीय. तुम्ही आधी बोलू नका."

ठरवलेली गोष्ट अशी होती. तिच्या प्रयोगशाळेतली एक मैत्रीण बव्हेरियाच्या जंगलाकडची. त्या भागात शतकानुशतकं काचेचे कारखाने, आणि आता एकेक करून बंद पडत चाललेले. तिच्या गावचे हेर लोइबल (हेर म्हणजे तिकडे श्रीयुत), कारखान्यातून घरी बसवलेले फुंकणारे. त्यांनी परसात मातीची, लाकडावर चालणारी, रोमन पद्धतीची छोटी भट्टी बांधली होती. शरद ऋतूत तीन-चार दिवस पेटवायचे, पाच-सहा हौशी लोक यायचे. यंदाचा शेवटचा दिवस शनिवारी होता.

शनिवारी 'बायर्न-टिकेट' काढा, बायर्न म्हणजे बव्हेरियाच. पाच जणांपर्यंत एकच तिकीट, दिवसभर राज्यात कुठंही, फक्त साध्या गाड्यांनी. आम्ही तिघंच होतो तरी स्वस्त पडलं. वाटेत रेगेन्सबर्गला दीड तास मिळतो. तिथं जुन्या गावात चालत गेलात तर रोमन छावणीच्या वेशीचे दगड नंतरच्या घराच्या भिंतीत चिणलेले दिसतात. मोठाले, काळे. वर कोणाची तरी खिडकी, खिडकीत पडदा. साम्राज्यांची हीच गत होते, असं मी म्हणालो. दाजींना गारठा सोसत नव्हता, ते म्हणाले, "साम्राज्य राहू दे, चहा बघ." चहा मिळाला तो गरम पाण्यात बुडवलेली पुडी. बटाट्याचं सूप मात्र चांगलं होतं, मांस नको हे आधीच सांगा. पुढे प्लाटलिंगला गाडी बदलून, एका डब्याच्या गाडीनं डोंगरात चढलो. फरची झाडं इतकी दाट की दुपारी एकलाच संध्याकाळ वाटावी. ओल्या बर्फाची भुरभुर सुरू झाली होती.

हेर लोइबल सत्तरीचे, मिशाळ, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. तो खांदा बघताच दाजींनी स्वतःचा डावा खांदा चोळला. नळी पेलून त्यांचाही तसाच झाला आहे. "ग्र्यूस गॉट," लोइबल म्हणाले. तिकडचा नमस्कार, पण त्यात देवाचं नाव आहे, म्हणून मी नुसती मान हलवली. दाजींनी हात जोडले.

छपराखाली ती भट्टी: मातीची, कमरेएवढी, घुमटासारखी, पोटाला एक तोंड. आतून केशरी उजेड. मृणाल भाषांतर करू लागली, पण दोन मिनिटांत तिचं काम संपलं. लोइबलनी आगीच्या रंगाकडे बोट केलं, दाजींनी हात खालीवर हलवून अजून दोन ओंडके सुचवले, लोइबल म्हणाले "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि ओंडके आत गेले. तापमापक नव्हता. नळ्या लोखंडी, साध्या. बाजूला राखेची उबदार पेटी, झालेला नग हळूहळू थंड व्हावा म्हणून. तिच्यापलीकडे फुटक्या काचेचं घमेलं. मला क्षणभर वाटलं, दोन हजार वर्षांत या माणसांना मधे कोणी भेटलंच नाही.

दुपारी तीनच्या सुमारास लोइबलनी नळी दाजींपुढे धरली. मृणालनं कॅमेरा काढला, मग परत ठेवला. "नको. मला बघू दे."

दाजींनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. नळी तोंडातून आत घालून फिरवली. डोळे उघडे होते की मिटलेले, धगीत कळेना. गोळा आला. तो त्यांनी लोखंडी पाट्यावर गोल लोळवला, नळी ओठांना लावली आणि फुंकर मारली. छोटी, आखूड. गोळ्याच्या पोटात एक बुडबुडा उजळला. पुन्हा आग, पुन्हा फुंकर. नळी हातात सतत फिरत होती. पंचवीस वर्षं त्या बोटांनी गोण्या उचलल्या होत्या, कुलपं लावली होती, पण फिरवणं विसरली नव्हती. मृणाल तोंडावर हात धरून उभी होती. लोइबलनी तळाला दुसरी सळई चिकटवून नळी सोडवली, दाजींनी बाटलीची मान ओढली, तिचा ओठ दुमडला. वीतभर उंचीची हिरवट बाटली, जराशी एका अंगाला कललेली. सुंदर नव्हती.

लोइबल राखेच्या पेटीचं झाकण उघडून वळले. दाजींनी सळई धरून विचारलं, "भंगार कुठंय?"

बाटलीकडे बघण्याच्या नादात मृणालनं शब्द नीट ऐकला नाही, तिला वाटलं, ते पेटीचंच विचारताहेत. तिनं पेटीकडे हात दाखवला. दाजी दोन पावलं पुढे गेले, पायानं घमेलं चाचपलं, आणि सळईवर एक टिचकी मारली. बाटली घमेल्यात पडली. आवाज बारीक झाला.

"बाबा!"

दाजी दचकले. "काय झालं?"

"ती... ती मला हवी होती."

मला विसरच पडला होता. आमच्या कारखान्यात पाळीचा पहिला नग भट्टीचा. तो कितीही नामी उतरो, फोडून परत मुशीतच जायचा. नव्या कारागिराचा आयुष्यातला पहिला नग तर नारळासारखा वाजत-गाजत फोडायचे. दाजींनी विचार केलाच नव्हता, हातानं केलं होतं. "अगं, पहिली आपली नसते," ते मृणालला समजावू लागले. "दुसरी करतो की. दुसरी तुझी."

मृणालनं डोळे पुसत लोइबलना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. "आमच्याकडे असं काही नव्हतं. आम्ही पहिलाही विकायचो."

दुसरी झाली नाही. दाजींनी गोळा घेतला, नळी तोंडाला लावली आणि खोकला आला. थांबून पुन्हा लावली, पुन्हा खोकला. छाती भात्यासारखी हलत होती, पण नळीत काही जात नव्हतं. गोळा टोकाशी लाल, मग तपकिरी, मग नुसता हिरवा झाला. लोइबलनी नळी हलकेच काढून घेतली. बाहेर अंधारून आलं होतं, आणि अंधारात दाजींना काहीच दिसत नाही. "उद्या?" दाजींनी विचारलं. मृणाल म्हणाली, "आज शेवटचा दिवस होता, बाबा. ते आता लाकूड घालणार नाहीत."

हौशी मंडळी सामान आवरून गेली. लोइबल आत कॉफी करायला गेले, आम्हालाही बोलावत होते. दाजी ओंडक्यावर बसून राहिले, भट्टीच्या तोंडासमोर. "तुम्ही जा. मी बसतो विझेपर्यंत."

"अहो दाजी, गारठा आहे. गाडीही आहे."

"नंतरची गाडी आहे, मृणालनं सांगितलंय. भट्टी एकटी विझू देऊ नये रे."

मृणाल आत गेली. मी त्यांच्याशेजारी बसलो. तेवढा एक लाल गोल त्यांना दिसत असणार. आजूबाजूला त्यांची भिंत, मी त्या भिंतीत. कदाचित म्हणूनच मला विचारता आलं. पुढाऱ्यासारखं नाही, पुटपुटत.

"दाजी, त्या दिवशी गेटवर मी बोललो ते चुकलं का? तुम्ही कधीच काही म्हणाला नाहीत."

त्यांनी तळवे भट्टीकडे धरले.

"तू बोललास," ते म्हणाले. "बोलणं तुझं काम. पण तू गेटवर होतास. आगीपाशी मी होतो. उठलो मी."

"माझ्यामुळे उठलात."

"तासभर बसलो होतो मी तुझं भाषण संपल्यावर. तुझा आवाज केव्हाच थांबला होता. मग मी माझा उठलो. कंटाळलो होतो, भूक लागली होती, घरी ती अवघडलेली. म्हटलं, जाऊ दे, विझू दे." लाल गोलाकडेच बघत ते म्हणाले, "तुझ्या ताईला मी हे कधी सांगितलं नाही. ती तुलाच धरून बसली. मी बसू दिलं."

पंचवीस वर्षं मी एका अपराधाचा मालक म्हणून वावरलो. माझ्या शब्दानं आग विझली, या दुःखात केवढा ताठा होता, ते त्या परसात कळलं. आणि मला मिळालं काय? माफी नाही, कारण दाजींच्या लेखी माझा गुन्हाच नव्हता. रागही नाही. बहिणीचा अबोला मात्र मी खराच सोसला होता, आणि तो फिरवायला ती नाही. मी दाजींवर चिडलो का? हो, चिडलो. सात वाजता गाडीत बसल्यावरही चिडलेलो होतो. त्यांनी माझा मफलर मागितला तेव्हा दिला, पण बोललो नाही.

मृणाल दोघांच्या मधे बसली होती. तिच्या मांडीवर रिकामी पिशवी होती, बाटलीसाठी जुन्या स्वेटरचं अस्तर लावून आणलेली.

आम्ही घरी परतून आता चार महिने झाले. जाणार असाल तर मे-जूनमध्ये जा, कोलोनला एक रात्र राहा, आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणार असाल तर उशीर करू नका. एवढं सांगून हे संपवता आलं असतं.

पण परवा दाजी म्हणाले, "पुढारी, कारखान्यावर ने." आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. हात धरून नेलं. आवारात प्लॉट पडले आहेत, पाट्या लागल्या आहेत. कुंपणाच्या कडेला, घाणेरीच्या झुडपात, ते ढेकूळ अजून आहे, बैलाएवढं, हिरवट, मुशीचे तुकडे चिकटलेलं. त्यावर कोणीतरी धुणं वाळत घातलं होतं. मी ते बाजूला केलं. दाजींनी तळहात फिरवला, एका जागी थांबले, नखानं वाजवून कान लावला.

"वितळेल अजून," ते म्हणाले. "काच मरत नाही. भट्टी पाहिजे फक्त."

भट्टी कुठून आणणार? या गावात आता काच फुंकू शकणारा एकही माणूस नाही, हा एक सोडून, आणि याची फुंकर त्या जंगलातल्या परसात संपली. मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो नाही. दाजी ढेकळावर टेकले, त्यांनी मला जागा करून दिली, आणि मी बसलो.